तिथे पाणी आहे

बाईंचा माल मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, लाळेरं आहे.

कावासाकीत मुलाकडे येऊन मला थोडेच दिवस झाले होते. सकाळी सूनबाईला, अश्विनीला, स्टेशनापर्यंत सोडायचं आणि येताना दुकानांच्या गल्लीतून रमतगमत घरी यायचं, एवढाच उद्योग. त्या गल्लीत एका लाँड्रीला लागून अरुंद जिना होता आणि जिन्याच्या तोंडाशी काचेची लहानशी चौकट. चौकटीत लालभडक रेशमी कापड टांगलेलं. चौकोनीच, पण टोकावर उभं केलेलं, शंकरपाळ्यासारखं. वर गळ्यात बांधायचे बंद, दोन्ही अंगांना पाठीवर बांधायचे बंद, आणि खाली एका कोपऱ्यात एकच कमळ. बाळंतविड्यात असतं ना, अगदी तसं. फक्त आकार बघून मनात आलं, जपानची पोरं एवढी मोठी होईपर्यंत लाळ गाळतात की काय!

पण त्याचा गोट बघून मी थांबलो. मी जन्मभर साताऱ्यात बायकांचे ब्लाउज शिवले. तिरक्या कापडाचा गोट टोकावर वळवताना भल्याभल्यांची फजिती होते, कापड गोळा होतं. इथे चारही टोकं सुरीनं कापल्यासारखी. मी जिना चढलो.

वर एक म्हातारी मशीनवर बसलेली. माझ्याहून थोरलीच. मी हातात बाळ घेऊन जोजवल्याची खूण केली, गळ्याशी बोट नेलं आणि "छान, छान" म्हणालो. ती आधी बघत राहिली. मग अशी हसली की चष्मा मशीनवर पडला. उठली, तसलंच एक कापड घेतलं, अंगातल्या जाकिटावरूनच छातीला लावलं आणि मागे हात नेऊन फटकन गाठ मारून दाखवली.

मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. तो गोट डोक्यातून जात नव्हता.

त्या कापडाला बाई दूदोउ म्हणायच्या. चीनमध्ये पूर्वी बायका अंगात आतून हेच घालायच्या. पोटही झाकायचं, छातीही झाकायची, पाठ मोकळी. बाईंचं माहेर सूचौ गावचं, तिथे म्हणे घरोघर रेशमाचं भरतकाम. जपानी माणसाशी लग्न करून इकडे आल्या, नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि ही शिलाईची खोली राहिली. तिथे त्या आजच्या पोरींसाठी दूदोउ शिवायच्या. पातळ रेशीम, ऑफिसच्या शर्टाच्या आत घालता येईल असं. घेणाऱ्या थोड्या होत्या, पण एकदा घेतलेली परत यायची.

मी त्यांना "बाई" म्हणायचो. त्यांना ते आपलं नवीन नाव वाटलं. पुढे पुढे फोनवरसुद्धा "हाय, बाई देस", म्हणजे "हो, बाई बोलतेय", असं म्हणायला लागल्या. मला म्हणायच्या इंदोसान, म्हणजे इंडियावाले. त्यांचं जपानी चिनी वळणाचं, माझं सातारी वळणाचं. त्या मला अहोजाहो करत होत्या की अरेतुरे, ते जपानीतून मला कधी कळलं नाही, पण आवाज अरेतुरेचाच होता. मी काही दिवस नुसता बसायला जायचो. मग एक दिवस त्यांनी माझ्यापुढे सुई आणि अंगुस्तान सरकवलं. नोकरी वगैरे काही नाही. बसलाय तर हात चालव, एवढंच.

खोलीत शिरलं की पहिला प्रश्न, "जेवलास?" सकाळी नऊ वाजतासुद्धा तोच. मी हो म्हटलं तरी गरम पाणी समोर यायचं. गार पाणी त्या घरात नव्हतंच. लाँड्रीवाला उन्हाळ्यात बर्फ घातलेला चहा प्यायला लागला की त्या खिडकीतून ओरडायच्या, "दामे! दामे!" म्हणजे वाईट, असलं करू नकोस. पोट गार पडलं की माणूस संपला, हे त्यांचं शास्त्र. त्यांच्या मते चीनच्या जुन्या बायका शहाण्या होत्या, कारण त्यांनी अंगाला कापड लावताना आधी पोटाचा विचार केला. "आत्ताच्या कंपन्या फक्त वरचा विचार करतात," असं म्हणून त्या छातीकडे हात करायच्या. मी दुसरीकडे बघायचो. मग त्या मुद्दाम पुन्हा हात करायच्या.

कोपऱ्यात दुकानातली असते तशी बाईची अर्धी बाहुली होती, कपडे चढवून बघायची. ती कायम भिंतीकडे तोंड करून उभी. मी एकदा ती सरळ केली, तर बाई उठून आल्या आणि तिला परत भिंतीकडे फिरवली.

"का?"

"सारखी छाती काढून उभी राहते. शिक्षा."

यावरून आमचं मोठं भांडण झालं. साताऱ्यात माझं नाव होतं ते कटोरी ब्लाउजवर. लांबून गाड्या करून बायका यायच्या. टक्स कुठे घ्यायचा, किती घ्यायचा, ते मी माणूस दारात दिसलं की सांगायचो. आणि ह्या बाई सगळं कापड सपाट कापायच्या. ना टक्स, ना कटोरी. मी म्हटलं, ह्याला काय शिवणं म्हणायचं, हा तर रुमाल. मांजरपाटाचा तुकडा घेतला आणि कटोरी कापून, टाचून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उचलून उजेडात धरली, आत मूठ घालून बघितली, बाहेरून बघितली. काम चांगलं आहे हे त्यांना कळलं होतं, मी त्यांचा चेहरा वाचत होतो.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण हे अंगाला शिकवतं, इथे गोल हो, इथे उंच हो. कापडानं शिकवायचं नाही. ऐकायचं."

"ऐकून काय करायचं? अंग म्हणतं मला लोळायचंय."

"मग लोळू दे."

चार दिवस मी जिना चढलो नाही. पाचव्या दिवशी मी गेलो तर माझी कटोरी त्यांनी भिंतीकडच्या बाहुलीच्या डोक्यावर टोपीसारखी घातली होती. ती कटोरी शेवटपर्यंत तिथेच होती. मी काढली नाही, त्यांनीही नाही. आणि कटोरी चूक होती असं मी आजही म्हणणार नाही.

दुसरा वाद कमळाचा. एवढं सुंदर रेशीम, आणि भरतकाम म्हणाल तर एका कोपऱ्यात. एखादं कमळ, एखादी डहाळी, नाहीतर एक मासा. बाकी सगळं कोरं. आमच्याकडे काठ म्हणजे काठ, पदर म्हणजे पदर, मध्ये बुट्टे. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते काय कोऱ्या कापडाला? मी म्हटलं, "बाई, बाकीचं भरतकाम उंदरानं खाल्लं का?"

त्यांनी कोऱ्या जागेवर तळवा फिरवला. "तिथे पाणी आहे."

"मला दिसत नाही."

"तुला नाही दिसणार. माशाला दिसतं."

मी हा किस्सा घरी जेवताना सांगितला. मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता हसला. अश्विनी मात्र हातातला घास तसाच ठेवून म्हणाली, "बाबा, मला घेऊन चला ना एकदा." ती आली आणि त्यानंतर सुट्टीच्या दिवशी येतच राहिली. तिचं जपानी चांगलं, त्यामुळे आम्हा दोघांची अडलेली गाडी ती पुढे ढकलायची. बाईंनी पहिल्याच दिवशी तिला बांधायची गाठ शिकवली. पाठीमागे हात नेऊन मारायची, दिवसभर सुटायची नाही, आणि एक टोक ओढलं की क्षणात मोकळी. अश्विनीला जमेना. शेवटी मी खुर्चीच्या पाठीला बंद बांधून सावकाश दाखवली, कारण ती गाठ मला यायची. आमच्याकडे झबल्याच्या बंदांना हीच मारतात.

मी काय शिवतो हे मात्र आम्ही बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. उरायासुला गणपतीत सगळी मराठी मंडळी जमतात. तिथे भर आरतीनंतर माझी नात ईरा, जिला मराठी बोल म्हटलं की तोंडाला कुलूप लागतं, ती खणखणीत मराठीत म्हणाली, "जीजी ब्रा शिवतात." जीजी म्हणजे मी, आजोबा. हॉलमध्ये प्रसादाचे द्रोण तसेच थांबले.

पुण्याचे एक जोशी आहेत, बँकेत कॉम्प्युटरवर असतात. ते म्हणाले, "काय काका, रिटायरमेंटनंतर एकदम लाइन चेंज?"

मी म्हटलं, "लाइन तीच आहे. आधी वरचं शिवायचो, आता आतलं. तुमच्या घरी काय झाडाची पानं गुंडाळतात का?"

सगळ्यात मोठ्यानं जोशीबाई हसल्या. पुढच्याच आठवड्यात त्या अश्विनीबरोबर बाईंच्या खोलीवर हजर झाल्या आणि निळं, माशाचं दूदोउ घेऊन गेल्या. जोशींना ते माहीत आहे की नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

खोलीचा करार मार्चअखेर संपत होता. लाँड्री आधीच बंद झाली होती आणि मालकाला ती सगळी जुनी इमारत पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. पण तो बाईंना मान द्यायचा. मोठं काम मिळालं तर आणखी काही वर्षं राहा म्हणाला होता. आणि काम चालून आलं होतं. बायकांचे आतले कपडे करणाऱ्या एका कंपनीला बाईंची नक्षी आणि काप हवा होता, बाईंच्या देखरेखीखाली. त्यांची अट एकच होती. बंद नकोत, मागे हूक हवेत.

बाईंनी ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी मशीनवर झाकण घालता घालता म्हणाल्या, "इंदोसान, उद्या येताना हूक आण."

मी आणले. पुडी टेबलावर ठेवली. त्या दिवशी आम्ही दोघांनीही त्या पुडीकडे बघितलं नाही. त्यांनी कंपनीला दाखवायचा लाल नमुना पुरा केला, कमळाचा शेवटचा टाका घातला आणि चहाचं पाणी ठेवायला आतल्या बाजूला गेल्या. खिडकीतून ऊन आलं ते बरोबर त्या कापडावर. काय सांगू तुम्हाला. ते कोरं लाल असं हललं की खरोखर पाण्यावर कमळ डोललं. मला पहिल्यांदा पाणी दिसलं. आणि मला धस्स झालं. इतकं देखणं काही उघड्यावर ठेवू नये. आमच्या आईनं आम्हा भावंडांना तीट लावल्याशिवाय कधी उंबऱ्याबाहेर नेलं नाही. मी काळा दोरा ओवला आणि खालच्या टोकाशी, गोटाला लागून, मोहरीएवढा एक टाका घातला.

ती चूक नव्हती. घालायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीची मुलगी आली. काळा सूट, बूट दाराशी नीट वळवून ठेवलेले. मुलगी वाईट नव्हती, तिला मनापासून आवडलं होतं. तिनं त्यांच्याकडे हूक लावून शिवलेला एक तुकडा बरोबर आणला होता, तो बाईंच्या नमुन्याशेजारी ठेवला. अश्विनी माझ्या बाजूला बसून हळूच सगळं मराठीत सांगत होती.

"ती म्हणतेय, सकाळच्या घाईत पाठीमागे गाठ कोण मारत बसणार? आणि ऑफिसात सुटली तर?"

"सुटत नाही," बाई म्हणाल्या. "सोडली तरच सुटते." पण आवाजात जोर नव्हता. पुडी त्यांच्या हाताशीच होती.

मुलीनं नमुना उचलला, उलटसुलट केला, आणि तिचं बोट खालच्या टोकावर थांबलं. जपानी माणसाला खोट सापडली की तो बोलत नाही, फक्त श्वास आत घेतो. बाईंनी चष्मा लावला.

"इंदोसान. हे काय?"

"तीट," मी म्हटलं. मान खाली घातली नाही.

अश्विनीनं स्वतःच्या गालाला बोट लावून समजावलं. देखण्या बाळाला कुणाची नजर लागू नये म्हणून काजळाचा डाग लावतात, तसं बाबांनी लावलं. कंपनीची मुलगी नम्रपणे म्हणाली, कल्पना गोड आहे, पण हा टाका काढता येईल ना?

बाईंनी कात्री उचलली. पण त्यांनी आपला नमुना बाजूला सारला, कंपनीचा तुकडा पुढे ओढला आणि त्यावरचे हूक कचाकच कापून काढले. मग कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी हा वर आला तेव्हापासून माझ्या कापडाला लेकराचं समजतोय. मी हसले होते. माझी आई उन्हाळ्यात एका सणाला आमच्या कपाळावर पिवळी खूण काढायची, विंचू-काट्यानं लांब राहावं म्हणून." टाक्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "लेकराला कुणी हूक लावतं का? डाग राहील. बंद राहतील."

मुलीनं बराच वेळ समजावलं. मग वाकून नमस्कार केला, बूट घातले आणि गेली.

जिन्यावरचे तिचे पाय वाजायचे थांबले. बाई मला म्हणाल्या, "जेवलास?"

खोली गेली. मार्चमध्ये आम्ही सामान हलवलं. बाहुली बाईंनी स्वतःच्या घरी नेली, टोपीसकट. पाऊसकाळ येईपर्यंत त्या बऱ्या होत्या, मग अंथरूण धरलं. मी आणि अश्विनी जायचो. एक दिवस त्यांनी अश्विनीला लाल नमुना आणि कापाचे कागद बांधून दिले आणि कंपनीच्या त्या मुलीला नेऊन दे म्हणाल्या. मी चिडलो. म्हटलं, "मग तेव्हा एवढं कशाला केलंत?"

"तेव्हा मी शिवणार होते. आता ते शिवणार." मग थांबून म्हणाल्या, "हूक लावतील. लावू दे. पण तिला सांग, पाणी भरू नकोस."

शरद ऋतूत त्या गेल्या. सूचौहून भाचा आला होता. बाईंना शेवटचे कपडे, आतून त्यांचंच दूदोउ, घालताना अश्विनी आत होती. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "बंद नीट बांधले?"

"हो बाबा."

"कशी गाठ मारलीस?"

"तुम्ही खुर्चीवर दाखवलीत तशी. ओढली की सुटेल अशी."

दुसरं काही विचारायचं राहिलं नव्हतं.

परवा, म्हणजे ह्याच आठवड्यात, अश्विनी मला टोकियोतल्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. बायकांच्या आतल्या कपड्यांचा सगळा मजला. माझ्या वयाच्या माणसानं तिथे कुठे बघायचं? मी छताकडे बघत चाललो होतो. ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, खाली बघा."

रांगेनं टांगलेली लाल, निळी, हिरवी. काप बाईंचाच. मागे हूक. कमळ मशीनचं, पण एकाच कोपऱ्यात. बाकी सगळं कोरं. त्यांनी पाणी भरलं नव्हतं. मी एक लाल उचललं आणि सवयीनं खालचं टोक उलटून बघितलं. गोटाला लागून काळा ठिपका, मोहरीएवढा. दुसरं उचललं, त्यावरही. निळ्यावर, हिरव्यावर, सगळ्यांवर, त्याच जागी, मशीननं, एकसारखा. नमुन्यात होता म्हणून त्यांनी जसाच्या तसा उतरवला होता. का आहे ते त्या मशीनला कोण सांगणार!

मी एवढ्या मोठ्यानं हसलो की काउंटरवरची मुलगी धावत आली. अश्विनी तिला म्हणाली, "काही नाही, आमच्या बाबांनी ओळख असलेलं कुणीतरी बघितलं."

एक लाल घेतलं. घरी येऊन मी चष्मा लावला, उजेडात बसलो आणि हूक उसवले. बाईंनी दिलेल्या रेशमाचे बंद डब्यात होते, ते दोन्ही बाजूंना शिवले. ईरा येऊन बघून गेली, जपानीत काहीतरी म्हणाली आणि खेळायला पळाली. मुलगा म्हणाला, "बाबा, नवीन आणलेलं उसवता कशाला?" मी दोरा दातानं तोडला.

अश्विनी आली. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, खुर्चीच्या पाठीला लावलं आणि हात मागे नेऊन, न बघता, गाठ मारली. मी हलवून बघितली. पक्की होती.

मग तिनं एक टोक ओढलं.